सातवी वेबसाइट

सम्यकला नाही म्हणता येत नसे आणि ही गोष्ट कॉम्प्युटरच्या वर्गाला पहिल्या आठवड्यातच कळली होती. माणसाचा गुण कळायला वर्ष लागतं. त्याचा उपयोग मात्र लगेच कळतो. जर्नल उतरवायचं तर सम्यकचं, प्रॅक्टिकलचा प्रोग्रॅम तर सम्यकचा. त्याची आई माया म्हणायची, "दिल्यानं विद्या कमी होत नाही, बाळा." खरंच आहे. कमी होत नाही, फक्त आपली राहत नाही.

२००४ च्या मार्चात उल्हासनगरच्या एका ऑफिसात वेबसाइट बनवायला शिकाऊ हवा होता. जागा एकच. अट अशी, की उमेदवाराची स्वतःची वेबसाइट हवी : आपण कोण, काय काय बनवलंय, हे दाखवणारी. सम्यकची तयार होत आली होती. दोन महिने कात्रपच्या सायबर कॅफेत बसून त्याने ती घडवली होती. वर निळी पट्टी, डावीकडे बटणं, आत कामाचे नमुने : एका रोपवाटिकेचं पान, वाचनालयातलं पुस्तक शोधायचं पान. जागेची बातमीही त्यानेच वर्गात वाटली, हे वेगळं सांगायला नको.

जांभूळ गावचा कमलेश मोटरसायकलवरून उतरलाच नाही. "भावा, तुझी जरा फ्लॉपीत दे ना. नुसता ढाचा घेतो. नाव-फोटो माझा टाकतो, बस."

दिली. मग भावना आली. "कमलेशला देतोस, मला नाही?" एकाला फुकट दिलं की दुसऱ्याचा त्यावर हक्क तयार होतो. असे सहा हक्कदार झाले. त्यातल्या तिघांना साइट नेटवर चढवता येईना, म्हणून तीही याने चढवून दिली. स्वतःची सगळ्यात शेवटी.

शुक्रवारी मुलाखत. पहिलं नाव सम्यकचं निघालं. बाकीचे सहा बाहेर बाकावर. ऑफिसचे मालक श्यामकांत सर यांनी मॉनिटर त्याच्याकडे वळवला.

"ही कुणाची?"

"माझी, सर."

"आणि ही?" कमलेशचा फोटो. वर निळी पट्टी. "ही?" भावना. निळी पट्टी. "सात अर्ज, सात मुंडकी, धड एकच. आणि तारीख बघ. सगळ्यात उशिरा चढलीय ती तुझी. म्हणजे सातवा चोर तू, बरोबर?"

मूळची माझीच म्हणावं तर बाकावरचे सहा बुडणार. गप्प बसावं तर आपण.

सरांनी 'माझ्याविषयी' उघडलं आणि इंग्रजीचं मराठी करत वाचू लागले. "कमलेश. मी कात्रपला पाण्याच्या टाकीमागे राहतो. वडील अंबरनाथला फिटर. मला बासरी येते." दुसरं उघडलं. "भावना. टाकीमागेच. हिलाही बासरी! काय रे, टाकीमागे बासरीवाल्यांची कॉलनी आहे का?"

घाईत नावापलीकडे त्या पानात कुणी काही बदललंच नव्हतं. जांभूळला सात एकर जमीन राखून असलेला कमलेशचा बाप वेबसाइटवर फिटर झाला होता.

सरांनी अर्जांवरचे पत्ते चाळले. "टाकीमागे खरा राहणारा एकच. तू. म्हणजे चोर नाहीस."

सम्यकने श्वास सोडला. जरा घाईच केली.

"पण मग पंचाईत जास्त आहे. उद्या माझ्या गिऱ्हाइकाचं काम तुझ्या हातात असणार. समोरचा म्हणेल, भावा, जरा ढाचा दे. देशील?"

"नाही, सर."

"अरे, येतो की हा शब्द! मग बाहेर जाऊन म्हणून दाखव. सांग त्यांना, साइट माझी आहे, तुमच्या मुलाखती होणार नाहीत, घरी जा. सांगितलंस तर जागा तुझी."

सम्यक बाहेर आला. भावनाने सरकून जागा केली. "बस ना. घाम बघ केवढा आलाय तुला."

"काय विचारलं रे?" कमलेश म्हणाला. "उत्तरं सांग पटकन, आम्ही पण तीच देतो."

सम्यकने तोंड उघडलं. "साइट..." एवढं बाहेर पडलं. सहा चेहरे वर झाले. पुढचा शब्द काही केल्या येईना.

"साइट सरांना अजून बघायच्यात," तो म्हणाला. "आज वेळ नाही. मंगळवारी दहाला बोलावलंय."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"बघ, तू होतास म्हणून," भावना उठत म्हणाली, "नायतर बसलो असतो संध्याकाळपर्यंत." कमलेशने पाठीवर थाप मारली. सहाही जण धडधडत जिना उतरून गेले.

आत सरांना उतरणारी पावलं तेवढी ऐकू आली होती. ते खूश होते. "जमलं की! मला वाटलं, रडत परत येशील. मंगळवारपासून ये." त्यांनी खणातून किल्ली काढून पुढे केली. "दहाला. मला अकरा होतात. दार तूच उघडायचं, आलं-गेलं तूच बघायचं."

किल्ली घेताना सम्यकने विचारलं, "सर, बुधवारपासून आलो तर?"

"का? मंगळवारी काय आहे?"

"काही नाही," सम्यक म्हणाला. "येतो."