डोमेनवरची दादाची ओळ

व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याचा हात हलका असतो, पण डोकं म्हणाल तर दगड बरा. आपल्या कारागिराचंही तेच. तीन दिवस तो संगीतशाळेला मेल पाठवत होता आणि एकही पोचत नव्हता. चाळीस व्हायोलिनं दुरुस्तीला कुणाकडे द्यायची, हे शाळा आज पाच वाजता ठरवणार होती. होकार दुकानाच्या ईमेल पत्त्यावरूनच लेखी यायला हवा, असा त्यांचा नियम. शाळेचा कारकून फोनवर दर वेळी गोड आवाजात म्हणायचा, "नाही हो आलं काही." हे काम हातचं गेलं तर दुकानाला टाळं लागणार, हे कारागिराला पक्कं ठाऊक होतं.

"सरक बाजूला," आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची धाकटी बहीण. सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फोन जोडून देण्यात गेली. संगणकाशी संबंध फोटो बघण्यापुरता. पण तीन दिवस ती पेन्सिल घेऊन मदतीची पानं वाचत होती, अडलेला शब्द वहीत उतरवून पुढच्या पानावर शोधत होती. कारागीर मनात हसला होता. आता हसायची सोय उरली नव्हती.

"हे बघ. डोमेन म्हणजे दुकानाचं इंटरनेटवरचं नाव. त्या नावावर मजकुराच्या ओळी ठेवता येतात, टीएक्सटी रेकॉर्ड म्हणतात त्यांना. जगात कुणीही वाचाव्यात अशा. त्यातल्या एकीत लिहायचं, आमच्या नावानं मेल कुणी पाठवायचा. शाळेचा सर्व्हर आधी ती ओळ बघतो. तू काय केलंस?"

"मेलची कंपनी बदलली तेव्हा नवी ओळ घातली. त्यांनी दिली तश्शी."

"आणि जुनी?"

"जुनी कशाला काढू?"

आत्यानं कपाळावर हात मारला. या धंद्याची रीतच तशी. व्हायोलिनच्या पोटात आधीच्या कारागिरानं चिकटवलेली चिठ्ठी काढायची नाही, आपली तिच्याखाली लावायची. वडिलांनी हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं, आणि पठ्ठ्यानं इंटरनेटलाही तोच न्याय लावला!

"अरे शहाण्या, ही ओळ एकच चालते! दोन दिसल्या की समोरचा म्हणतो, यांचं यांनाच ठरेना. मग दोन्ही बाद, आणि तुझा मेल स्पॅममध्ये."

कारागीर थक्क झाला. दोन जाणकारांनी 'होईल आपोआप' म्हणत हात झटकले होते, आणि हिनं पेन्सिलीच्या जोरावर चोर पकडला होता. धन्य ती बाई!

"मग दोन्हींची एक करू," तो म्हणाला.

"केली असती. पण जुनी कंपनी बंद पडून वर्ष झालं. तिचं नाव ठेवणं म्हणजे घर सोडून गेलेल्या भाडेकरूकडे किल्ली ठेवणं."

कारागिराचं बोट हलेना. जुनी ओळ बाबांनी घातली होती, शेवटच्या आजारात, उशीला टेकून, एकेक अक्षर ताडून बघत.

"माझ्यानं नाही होणार, आत्या."

आत्यानं चष्मा पुसला, माउस हातात घेतला आणि ओळ काढली. 'नक्की?' असं स्क्रीननं विचारलं, तर तिनं 'हो'सुद्धा दाबलं. मग म्हणाली, "आता तासभर थांब. बाकीच्या सर्व्हरांनी जुनं उत्तर लक्षात ठेवलेलं असतं, ते विसरू देत."

तेव्हा अडीच वाजले होते. चार वाजता त्यानं मेल पाठवला. दहा मिनिटांत कारकुनाचाच फोन आला, "आलं हो! अगदी वरच दिसतंय. काम तुमचंच, व्हायोलिनं सोमवारी पाठवतो."

कारागीर आनंदानं ओरडतच वळला. आत्या खुर्चीत तशीच बसली होती, हात मांडीवर, डोळे भरलेले.

"दादाचं होतं रे ते," ती म्हणाली. "माझ्या हातानं पुसलं."

तो तिच्या पायाशी बसला.

"म्हणून तर पुसू दिलं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला मी हात लावू दिला नसता."