चर्चवरचा पहारा

दहा पावलांवरून

"मामा, हे चित्र कधी नेलं?"

पहारेकऱ्याने समोर पाहिलं. नदी होती, काठावर चर्च होतं, दोघांवर धुकं होतं. नेलं म्हणजे काय, असं त्याच्या ओठांवर आलं; पण विचारणारी संग्रहालयाची अधीक्षक होती, आणि ती उगाच जिना चढून येणाऱ्यांतली नव्हती.

दोन पावलांवरून

फोटो. चकचकीत, सपाट. सुट्टीच्या दिवशी मूळ चित्र डागडुजीला नेऊन चौकटीत त्याच मापाचा फोटो लावला होता. खाली तशी चिठ्ठीही होती. तीन दिवस त्याने डोळ्यांत तेल घालून फोटोची राखण केली होती.

त्याआधीचं

मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. ठाऊक फक्त बायकोला. व्यक्तिचित्रांच्या दालनात राजेराण्यांची नाकं पुसट व्हायला लागली, तशी त्याने गारठ्याचं निमित्त करून इथे बदली मागून घेतली. इम्प्रेशनिस्ट चित्रकाराने सगळं आधीच पुसट करून ठेवलेलं. धडधाकट डोळ्यांनाही इथे धुकंच दिसे. ऑपरेशन करून घ्या, असं बायको रोज कानीकपाळी ओरडे. पण रजेचं कारण लिहिलं की तपासणी, आणि तपासणीनंतर घरी बसवतील ही धास्ती. निवृत्तीला आठच महिने होते. तेवढे रेटू, असं तो म्हणे.

पुन्हा दोन पावलांवरून

"दिसत नाही ना, मामा?"

"चित्र दिसतं, मॅडम."

"हे चित्र नाहीये."

त्याने फोटोतल्या नदीकडे बोट केलं. "होडीत एक बाई आहे. पाठमोरी. मला इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी दिसली. फोटोत आलीय का?"

अधीक्षकबाईंनी चष्मा लावून शोधलं, काढून शोधलं. नव्हती आली. तसं त्यांनी कबूल केलं. आणि तरी अहवाल लिहिला.

दाराशी

घरी बसवलं नाही. पिशव्या-छत्र्या ठेवून घेण्याच्या खिडकीत बसवलं. दालनाचा पहारा मात्र गेला, तो कायमचा. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली.

एका म्हाताऱ्याने पिशवी देता देता विचारलं, धुक्यातलं चर्च ते कुठे लावलंय.

"सातव्या दालनात. कालच परत आलंय. एकदम जवळ जाऊ नका, नुसते फराटे दिसतील."

"तुम्ही पाहिलंय वाटतं."

"पाहिलंय," तो म्हणाला. पिशवीच्या पितळी बिल्ल्यावरचा कोरीव आकडा त्याने अंगठ्याने चाचपला. चव्वेचाळीस. मग बिल्ला म्हाताऱ्याच्या हातावर ठेवला.