इंग्रजीतला मामा

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे, आणि तोही इंग्रजी. माझे नाव ‘ईम’. अर्थ एवढाच: आईचा भाऊ. हजार वर्षांपूर्वी इंग्रजांची लेकरे मला हाका मारत दाराशी धावत येत. पुढे फ्रान्सकडून ‘अंकल’ आला. खरे तर लॅटिनमध्ये त्याचे मूळही मामाच. पण इंग्रजांच्या घरी तो मामा, काका, आत्याचा नवरा, सगळ्यांच्या पाटावर जाऊन बसला. मी घरचा असून उपरा झालो. शेवटी एका जाडजूड शब्दकोशातून उज्जैनला आलो, निवृत्त मास्तर भय्यासाहेबांच्या कपाटात. तिथे वाळवीशिवाय मला कुणी विचारीना.

१९५६ चा डिसेंबर होता. मध्यभारत जाऊन नवे मध्यप्रदेश राज्य झाले होते. कचेरीतली दप्तरे भोपाळला निघाली होती आणि सगळ्यांच्या रजा बंद होत्या. नेमके तेव्हाच कारकून गोपाळरावांच्या भाचीचे, नंदाचे, देवासला लग्न ठरले. मराठी लग्नात नवरीला बोहल्यावर आणतो तो मामा, आणि नंदाला मामा हा एकच. गोपाळरावांनी साहेबांकडे ऐटीत इंग्रजी अर्ज केला: मी मुलीचा अंकल. साहेब म्हणाले, “अंकल तो बहुत होंगे. कोई और चला जाएगा.”

गोपाळराव रडकुंडीला येऊन भय्यासाहेबांकडे गेले. मास्तरांनी चष्मा पुसला, कोश उघडला, आणि थोड्या वेळाने ओरडलेच, “गोपाळ, मिल गया रे! हा घे अस्सल इंग्रजी मामा!”

दुसऱ्या दिवशी मी नव्या अर्जावर होतो, ताज्या शाईत. किती शतकांनी कुणाला माझी गरज पडली होती! माझा आनंद गगनात मावेना. साहेबांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. “ये ईम क्या बला है?”

गोपाळरावांचे सगळे इंग्रजी संपले. “साहब, मामा! लड़की का मामा हूँ मैं!”

“अरे, तो मामेरा लेकर जाना है! पहले क्यों नहीं बोले?” लग्नात मामाने आहेर न्यायची रीत साहेबांच्या माळवी घरीही होतीच. त्यांनी मला खोडले, वर ‘मामा’ लिहिले आणि सही ठोकली. गोपाळराव वेळेवर देवासला पोचले.

मला राग आला नाही. त्या ‘मामा’चा हेवा वाटला, फार वाटला.

मित्रांनो, मला कुणी मारले नाही. लोकांनी फक्त हाक मारायचे सोडले. सुट्टीत तुमचा मामा दारात आला, की त्याला अंकल म्हणू नका. गल्लीभर ऐकू जाईल असे ‘मामा’ म्हणा. माझ्या भाषेत आता मला ओळखणारे एकही मूल उरलेले नाही.