मक्याचा पेपर

निमगाव सावाच्या कुशाबाईंचा एकच हट्ट होता. विहिरीकडच्या वीस गुंठ्यांत पुन्हा प्लास्टिक जाऊ द्यायचं नाही. मातीची ओल टिकावी म्हणून टोमॅटोच्या वाफ्यांवर अंथरलेला काळा मल्चिंग पेपर पीक निघाल्यावर कितीही वेचला, तरी त्याच्या चिंध्या मातीत राहतातच. आठ वर्षं त्या वेचत होत्या. कुदळ मारावी तिथं चिंधी.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मक्यापासून केलेला, मातीत कुजणारा पेपर आणवला. त्यांचे यजमान भगवंतराव हसले होते, "आता पेपरलाबी कणसं येतील बघ!" पण दिवाळीत कुशाबाईंनी माती उकरली, तर एक मऊ तुकडा तेवढा सापडला. तोही चिमटीत भुगा झाला.

उरलेला अर्धा रोल त्यांनी बियाण्यासारखा जपला. काळा पेपर उरला की शेडात पत्र्याखाली ठेवायचा आणि पुढच्या साली काढायचा, ही घरची रीत. हाही तसाच ठेवला.

आज सकाळी नर्सरीच्या टेम्पोनं रोपांचे ट्रे उतरवले. थोरल्या गोकुळनं रोलचं टोक ओढलं, तर ते त्याच्या हातातच आलं. वर्षभर पत्र्याची धग आणि पावसाळ्याची ओल खाऊन पेपर शेडातच कुजायला लागला होता.

"आई, ह्ये तर पापडावानी मोडतंय."

"हळू वढ की, मेल्या!" कुशाबाईंनी स्वतः ओढला. फाटला.

भगवंतरावांनी दुकानदाराला फोन लावला. "नवा यायला पंधरा दिस लागत्याल. आन् म्हनतोय, ह्यो ठेवायचा माल न्हाई, त्याच साली वापरायचा."

"मग तवाच का न्हाई सांगितलं त्यानं?"

"आपून इचारलं व्हतं का?"

"थांबू की पंधरा दिस."

"रोपं थांबत्यात व्हय? लई उंच झाल्यात आधीच."

"मग बिनपेपराची लावू."

"इहिरीला पानी किती ऱ्हायलंय, बघून ये जा."

बघायला जायची गरज नव्हती.

तासाभरात गोकुळ मोटरसायकलवरून काळा रोल घेऊन आला आणि खोरं घेऊन माती ओढायला उभा राहिला. भगवंतरावांनी पेपरचं एक टोक धरलं. दुसरं धरायला कोणी नव्हतं. कुशाबाईंनी पदर खोचला, टोक हातात घेतलं आणि पेपर ताणला. चांगला मजबूत होता. कुठंही फाटला नाही.