चिनूच्या कानापर्यंत

चिनू मला ऐकते की मला वाचते, हेच मला कळत नव्हतं.

माझ्या या लेकीच्या कानामागे यंत्र आहे आणि केसांत नाण्याएवढं चुंबक. ऐकू यावं म्हणून केलेल्या ऑपरेशनला वर्ष उलटून गेलं. 'पाणी' म्हटलं की ती तांब्याकडे बोट दाखवते, 'बाबा' म्हटलं की दाराकडे बघते. घरातले सगळे खूश. पण तिच्याकडे बघत राहणं हाच माझा दिवसभराचा धंदा. मी बोलते तेव्हा तिची नजर माझ्या डोळ्यांवर नसते, ओठांवर असते. पाठमोरी असताना हाक मारली तर कधी वळते, कधी नाही. तिला ऐकायला-बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितल्याप्रमाणे तोंडापुढे हात धरून बोलले की ती येऊन माझा हात बाजूला करते आणि गोड हसते. आता यातून काय समजायचं? हे मी नवऱ्याला, कुंदनलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं तर खरं होईल, असं वाटायचं.

आमच्या घरात फोनचे दोन पक्ष आहेत. कुंदनने आयफोन घेतला तो चिनूसाठी, कारण तिचं यंत्र त्याला थेट जोडलं जातं. आवाज खोलीत येतच नाही, फोनमधून सरळ तिच्या कानात जातो. माझ्या जुन्या अँड्रॉइडशी मात्र ते यंत्र अबोला धरून आहे. कुंदनचा धाकटा भाऊ नवल याचं धुळ्यात मोबाइलचं दुकान, आणि तो अँड्रॉइडचा कट्टर.

"वहिनी, तुमचा आयफोन म्हणजे नव्या श्रीमंताचं घर," तो म्हणायचा. "चपला बाहेर काढा, पाणी आमच्याच ग्लासात प्या."

"आणि तुझं अँड्रॉइड म्हणजे एसटी स्टँड," कुंदन म्हणायचा. "कोणीही या, कुठंही बसा."

"पन गावले तीच गाडी जास ना, भाऊ!"



एप्रिलमध्ये मॅडम म्हणाल्या, "आईचा आवाज तिच्या सवयीचा झाला. आता दुसरं कोणी बोलू दे. आजी आहेत ना? आमच्या साइटवर खोली आहे, तिच्यात बोला. म्हणजे मला नंतर बघता येईल." खोली म्हणजे एक लिंक. तिच्यावर बोट ठेवलं की ब्राउझर उघडतो आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना दिसतात. फोन कुठलाही चालतो.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई, इंदिराबाई. नरडाण्याजवळच्या आमच्या गावी राहतात. त्यांचा फोन नवलनेच दिलेला, साधा अँड्रॉइड. तो लावून द्यायला नवल धुळ्याहून गावी गेला आणि तिथून त्याने मला माझ्या फोनवर फोन केला.

"वहिनी, आठे तर लढाई चालू शे."

झालं असं होतं, की त्या फोनमध्ये कंपनीने आपला स्वतःचा ब्राउझर घालून दिला होता. लिंक दाबली की तोच पुढे यायचा. त्याच्यात चित्र दिसायचं, पण माइक चालत नव्हता. नवलने क्रोम पुढे केलं, तेव्हा फोन विचारू लागला, कशात उघडू? फक्त एकदा की नेहमीसाठी? मागून सासूबाईंचा आवाज आला.

"बठ्ठा म्हनतस माले निवड, माले निवड! एकले हो म्हनं का दुसरा रुसस. हाऊ तर लगीनमधला मानपान शे रे, नवल!"

"नेहमीसाठी क्रोम," नवल म्हणाला. "दुसऱ्याला रुसू दे."

मी हसले. पण फोन ठेवल्यावर विचार करत बसले. मी बी.एस्सी. केलंय. आवाज म्हणजे कंपन, हे परीक्षेत लिहिलंय, आकृती काढलीय. तरी त्याचा अचंबाच वाटत राहिला. ओट्यावरची एक बाई बोलणार, तिचा श्वास अँड्रॉइडमध्ये शिरणार, क्रोममधून निघणार, टॉवरवरून कुठं कुठं जाणार, इकडे सफारी ब्राउझरमध्ये उतरणार, आयफोनमधून माझ्या मुलीच्या केसांतल्या चुंबकाखालून आत, थेट कानाच्या नसेपर्यंत. एरवी एकमेकांना उंबऱ्याच्या आत घेत नाहीत अशी ही सगळी मंडळी. पण विहिरीवरून भरली घागर हातोहात पुढे द्यावी, तसा हा आवाज पुढे देणार होती, न सांडता. आणि सगळं झाल्यावर शेवटच्या हातात? तिथं तो पोचतो का?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासूबाईंनी कुंदनबरोबर चिनूसाठी पैंजण पाठवले. सकाळी न्हाऊमाखू घालून मी ते तिच्या पायात घातले. "पैंजण," मी म्हटलं. तिने माझ्या ओठांकडे बघितलं.

दुपारी पिंप्राळ्याच्या आमच्या घरात आम्ही दोघीच होतो. कुंदन भाच्याला घ्यायला स्टँडवर गेला होता. मी आयफोन उशीला टेकवून ठेवला, यंत्र जोडलं, लिंक उघडली. सणाला गावी आलेला नवल फोन लावून देऊन बाजूला झाला, आणि सासूबाई ओट्यावर बसलेल्या दिसल्या. मागे निंबाच्या फांदीला आखाजीचा झोका. त्या हसल्या, बोलू लागल्या. मला काहीच ऐकू येत नव्हतं. सगळा आवाज चिनूच्या कानात. तिची नजर मात्र ठरलेल्या जागी, आजीच्या ओठांवर.

तेवढ्यात सासूबाईंनी एकदम बाजूला बघितलं आणि पदर ओढला. कपाळावरून डोळे, नाक, पार हनुवटीपर्यंत. समजलं मला. मगनआबा आले असणार, त्यांचे मोठे दीर. साठी उलटली तरी सासूबाई आबांसमोर तोंड उघडं ठेवत नाहीत. पडद्यावर आता फक्त हिरवं लुगडं उरलं, नाकाशी जरासं हलणारं.

मी ओरडणारच होते, "आई, पदर वर घ्या!" पण आबांदेखत सुनेनं सासूला असं सांगायचं? मी तोंडावर हात ठेवला.

चिनूने मान वाकडी केली. पडद्याला बोट लावलं, पदर सरकतो का बघितलं. सरकला नाही. ती थांबली. मग तिने खाली बघितलं, आपल्या पायांकडे. आणि उजवा पाय जोरात आपटला.

छुम्.

पदर हलला. चिनूने परत पाय आपटला, मग दुसरा, मग दोन्ही.

मी माझा फोन घेतला. नवलला लावला. फोन मी कानाशी घट्ट धरला.

"नवलभाऊ, आई आत्ता काय म्हणाल्या तिला?"

"काही नही. पैंजन वाजाड म्हननी. दोनदा."

"तोंड उघडं होतं का त्यांचं?"

"वहिनी, काय विचारता! आबा बठेल शेतस. आई आबासमोर तोंड दखाडी का?"

मी खाली बसले. नवल "हॅलो, हॅलो" करत राहिला. त्याच्या मागे गावातली दुपार ऐकू येत होती, झोक्याची करकर, कोणाचं तरी हसणं. मग मगनआबांना खोकल्याची उबळ आली. त्यांचा तो जुना, छातीतून खरवडत येणारा खोकला. आबा पडद्यावर नव्हतेच. तिथं अजून हिरवा पदर होता.

ज्या वाटेने तो खोकला माझ्या कानात आला, त्यापेक्षा चिनूची वाट लांबची; तिच्याकडे तो क्षणभर उशिरा पोचणार, पोचला तर. ती अजून पाय आपटत होती. मी तिच्याकडे बघत राहिले.

चिनूचे पाय थांबले. तिने भुवया वर केल्या. मग माझ्याकडे वळली, छातीवर मूठ ठेवली आणि हुबेहूब आबांसारखी खोकली.