मशीनचा पडदा खिडकीला

मी एक जुना पडदा आहे. मित्रांनो, झुळझुळीत कापड डोळ्यांसमोर आणू नका. मी अॅल्युमिनियमचा आहे, दीड हात उंच, जाडजूड आणि स्वभावाने खडखडीत. आतले काम दिसावे म्हणून माझ्या छातीवर बारीक जाळीची एक चौकट आहे. मला एका मिस्त्रीने घडवले. हा मिस्त्री फारसा बोलत नसे, आणि बोललाच तर टोमणा मारण्यापुरता.

ज्या मशीनसाठी मी जन्मलो ते प्लास्टिक जोडण्याचे. पोहायला शिकताना तुम्ही फुगवलेली ट्यूब कमरेला घालता ना, तिला शिवण नसते. शिवण असती तर हवा बाहेर आणि तुम्ही पाण्याखाली! प्लास्टिकचे दोन थर एकावर एक ठेवतात, पायाने पेडल दाबतात. वरचा ठसा खाली येतो आणि त्याच्याभोवती प्रचंड वेगाने उलटसुलट होणारे विद्युतचुंबकीय क्षेत्र तयार होते. त्याने प्लास्टिक आतून तापते आणि एकजीव होते. अडचण एवढीच, की प्लास्टिक कोणते आणि माणसाचा हात कोणता, हे त्या क्षेत्राला कळत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून मी. पेडलच्या आधी मला खाली ओढायचे, मी कडांनी मशीनच्या अंगाला, धातूला धातू भिडवून बसायचो आणि आतले आतच ठेवायचो. मी खाली आल्याशिवाय मशीन चालूच होऊ नये, अशी एक कळही मिस्त्रीने बसवली होती.

मशीनवर वहिनी बसत. सुपरवायझरची बायको, म्हणून त्या सगळ्या कारखान्याच्या वहिनी. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसेही त्यांना वहिनीच म्हणत. जोड त्या डोळ्यांनी नव्हे, बोटांच्या पेरांनी तपासत. केसाएवढी फट त्यांच्या बोटाला लागायची. त्या काळात मालक पाहुण्यांना मला टिचकी मारून दाखवत. माझे बरे चालले होते.

मग उन्हाळा तोंडावर आला आणि ट्यूबांची मागणी वाढली. सुपरवायझर घड्याळ घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"दर वेळी हा वर-खाली, वर-खाली. चार सेकंद जातात. दिवसभराचा गुणाकार करा!"

गुणाकारात हुशार माणूस. वजाबाकी मात्र नेहमी दुसऱ्याच्या अंगावर ढकलणारा. त्यांनी कळीत पुठ्ठ्याची घडी खुपसली आणि माझे स्क्रू काढले.

"साहेब, शिंक आली की रुमाल खिशात ठेवायचा, तसं झालं हे," मिस्त्री म्हणाला.

"इतकी वर्षं मशीन चालतंय. कुणाला काही झालं का?"

"पडदा होता म्हणून नाही झालं."

एवढे बोलून मिस्त्री चहाला गेला. मी कपाटामागे गेलो. माझ्यावर लोक हात पुसायचे फडके वाळत घालू लागले.

त्याच सुमारास सुपरवायझरांच्या घरासमोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला. त्यांच्या आईने, म्हणजे आजींनी, धसका घेतला. टॉवरने काय काय होते याची मोठी यादी त्यांनी वाचली होती, आणि वाचली होती मोबाइलवरच, तो नाकाला लावून. मातृभक्त मुलाने मला घरी नेले, खिडकीला ठोकले, उरलेल्या फटींवर पोळ्यांच्या डब्यातली चांदीसारखी फॉइल चिकटवली, आणि भिंतीला शोभावा म्हणून मला कडांसकट पिवळसर रंग दिला.

"आता कसं, जीव भांड्यात पडला," आजी म्हणाल्या.

"तुमचा जीव पडला आई, पण फोन धड लागेनासा झाला," वहिनी म्हणाल्या.

खरेच होते ते. टॉवरचा आवाज नीट ऐकू येईना, तसा फोन ओरडून बोलू लागला, म्हणजे जास्त जोराच्या लहरी सोडू लागला. समोरचा बहिरा असला की आपण आवाज चढवतो ना, तसा. आणि तो ओरडायचा कुठे, तर थेट कानाशी. मला खिडकीत बसून हे दिसत होते, पण पत्र्याचे कोण ऐकतो?

वहिनी म्हणायच्या, "अहो, कामावर अंगठी तापते."

"उन्हाळा आहे," हे उत्तर.

मग बोटांना मुंग्या येऊ लागल्या. आजींचे निदान तयारच होते. "मोबाइल कमी कर, सूनबाई." वहिनींनी बहिणीशी बोलणे सोडले. मुंग्या गेल्या, पण त्यांच्या जागी बधिरपणा आला.

एके संध्याकाळी त्या कामावरून आल्या आणि पिशवी खाली न ठेवताच उभ्या राहिल्या.

"आज टाकीत बुडवून बघितल्या तेव्हा माझ्या हातच्या अकरा ट्यूबांतून बुडबुडे आले. फट मला लागतच नाही हो. पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. अकरातली एक जरी दुकानात गेली असती, तरी ती घालून कुणाचं पोर पाण्यात उतरलं असतं."

सुपरवायझरांना गुणाकार सुचेना.

दुसऱ्या दिवशी वहिनी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी मोबाइलबद्दल नंतर विचारले, आधी विचारले, "काम काय करता?" आणि मालकांना चिठ्ठी लिहिली, की मशीनभोवतीचे क्षेत्र मोजून घ्या.

चार दिवसांनी भर दुपारी घराचे दार उघडले. सुपरवायझर, मिस्त्री, आणि हातात मोजायचे यंत्र घेतलेल्या एक बाई. मला सोडवता सोडवता मिस्त्रीने आजींना सगळी हकिगत ऐकवली.

"वहिनींच्या मनगटापाशी काटा मर्यादेच्या कितीतरी पुढं. बाईंनी विचारलं, इथला पडदा कुठाय? साहेब म्हणाले, दुरुस्तीला. मी म्हटलं, हो, सध्या टॉवरची दुरुस्ती करतोय."

मोजणीवाल्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी उघड्या खिडकीत यंत्र धरले.

"हे बघा. मर्यादेच्या शंभराव्या भागाइतकंही नाही."

"म्हणजे आमची भीती खोटीच का?" आजींनी जरा रागानेच विचारले.

"खोटी नाही, आजी. पत्ता चुकलाय तिचा. टॉवर लांब आहे. सूनबाईंचा हात मशीनपासून वीतभर होता, रोज आठ तास. आणि फोनची काळजी असेल तर खिडकी उघडी ठेवा, स्पीकरवर बोला, झोपताना तो उशीखाली ठेवू नका. एवढं पुरे."

मी परत मशीनवर चढलो. स्क्रू घट्ट झाले, कळीतला पुठ्ठा निघाला, तरीही काटा खाली येईना. मिस्त्रीने माझ्या कडेवरून बोट फिरवले.

"रंग छान निवडलात साहेब. पण धातू धातूला भिडायला नको का?"

माझ्या कडा तो पॉलिश पेपरने तासभर घासत बसला. बऱ्यापैकी दुखले, पण काटा उतरला तेव्हा मला फार बरे वाटले.

वहिनी अडीच महिने पॅकिंगच्या टेबलावर होत्या. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या डोळे मिटून प्लास्टिकच्या तुकड्यावर बोटे फिरवत. आधी अंगठा परतला, मग पहिली दोन बोटे. त्यांच्या शेजारचे बोट उशिरा आले. करंगळी अजून झोपलेलीच आहे. ती परत येईल की नाही, हे डॉक्टरीणबाईही छातीठोकपणे सांगत नाहीत.

वहिनी मशीनवर परतल्या, त्यानंतर महिन्याभरात पुन्हा एक घाईची मागणी आली. सुपरवायझर स्क्रू ड्रायव्हर घेऊन जवळ आले आणि हळूच म्हणाले, "फक्त आजच्या दिवसापुरता..."

वहिनी उठून बाजूला झाल्या. "काढा ना. मात्र इथं तुम्ही बसा."

त्यांनी स्टुलाकडे पाहिले, वहिनींच्या हाताकडे पाहिले. मग माझा एक सैल झालेला स्क्रू घट्ट पिळून ते निघून गेले.

मित्रांनो, माझे म्हणणे फार लांबलचक नाही. न दिसणाऱ्या गोष्टींना घाबरायला हरकत नाही, पण घाबरताना विचारा: किती, किती जवळून आणि किती वेळ? ठाऊक नसेल तर मोजायला लावा. घरातल्या मोठ्यांना विचारा, तुमच्या कामावर असे काय काय आहे आणि त्याच्यासमोर कोण बसते? आणि कुणी आमच्यासारखा एखादा पडदा घाईपायी काढायला निघाला, तर काढणाऱ्यालाच आधी त्या स्टुलावर बसवा.