मानाचे प्रश्न

त्या रविवारी माझ्या घरात मी सोडून अकरा माणसं होती आणि त्यांतल्या दहा जणांना चहा द्यायचा होता. अकरावे आमचे हे. ते नळीतून जेवतात, त्यामुळे त्यांच्या चहाचा प्रश्न नव्हता. मी असं बोलले की माझी मुलगी मंजुषा डोळे वटारते. वटारू दे. तीन वर्षं ज्यांना कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं माझ्याकडे आहे, त्यांच्याबद्दल कसं बोलायचं ते मी ठरवीन.

ह्यांचं नाव शहाजी. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, राहायला कोपरखैरण्यात. बावीस वर्षं ह्यांनी वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहिल्या. एका सकाळी पाठीवर गोणी असतानाच गुडघ्यांवर आले आणि तिथंच आडवे झाले. मेंदूच्या बुडाशी रक्तवाहिनी तुंबली, असं डॉक्टर म्हणाले. हात गेले, पाय गेले, वाचा गेली. डोळे उघडे असतात, पण तेही ह्यांच्या हुकमात नाहीत. पापणी पडते ती आपली आपण. "आतून जागे असतीलही. नक्की सांगता येत नाही," हे डॉक्टरांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते सुरू झालं तरी मला चीड येते.

मागच्या हिवाळ्यात ह्यांच्या छातीत तिसऱ्यांदा कफ भरला. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "ताई, पुढच्या वेळी श्वासाच्या मशीनवर ठेवायची पाळी येईल. घशाला भोक पाडून नळी घालावी लागेल आणि मशीन बहुतेक कायमची राहील. काही घरचे ठेवा म्हणतात, काही नको म्हणतात. तुम्ही आधीच ठरवून ठेवा." ठरवून ठेवा! जसा काही बारशाचा हॉल ठरवायचाय. मी हो म्हणाले तर माणूस कैदेत ठेवला, नाही म्हणाले तर मारला. असं पडून राहायचं की सुटायचं, हे ह्यांचं ह्यांनीच सांगायला हवं होतं. त्या दिवसापासून माझ्या जिवाला एकच घोर लागला, की ह्यांना एकदा विचारता आलं पाहिजे.

आणि मग शायमा आली. मंजुषा द्रोणागिरीच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर बसते. तिथल्या मैत्रिणीची ही बहीण, उरणची. नेरूळच्या एका कॉलेजात मेंदूवर संशोधन करते. तिच्याकडे तारांची एक टोपी होती. नुसतं हात हलवायचं मनात आणलं तरी मेंदूत काहीतरी हलतं म्हणे, आणि ते ही टोपी पकडते. हाताचा विचार केला की पडद्यावर हिरवी पट्टी वाढते, म्हणजे 'हो'. पायाचा विचार केला की लाल, म्हणजे 'नाही'. परदेशात तर मेंदूतच चिप बसवतात, ती सांगत होती, आणि लुळी पडलेली माणसं नुसत्या विचाराने कॉम्प्युटरवर लिहितात. इथेही तसा एक प्रयोग सुरू होणार होता. टोपीवर ह्यांची उत्तरं नीट आली तर त्या यादीत ह्यांचं नाव घालायचं तिच्या मनात होतं.

पाच आठवडे काही म्हणता काही आलं नाही. "काका, उजव्या हाताने बॉल दाबताय असं इमॅजिन करा," ती म्हणायची, आणि दोन्ही पट्ट्या ढिम्म. शेवटी माझ्याने राहवेना. म्हटलं, "अगं बाई, ह्या माणसाने जन्मात बॉल हातात धरला नाही. हुक म्हण." गोणीत हुक मारायचा आणि ती अंगावर ओढायची, हे ह्यांनी बावीस वर्षं दिवसाला शंभरदा केलेलं काम. आणि 'नाही'साठी ट्रकच्या फळीवरून गोणी घेऊन चढायचं. शायमाने तसं सांगितलं. मग विचारलं, "तुमचं नाव शहाजी आहे?" हिरवी पट्टी सरसर वर गेली. "तुमचं नाव अभय आहे?" लाल. दहा प्रश्नांत नऊ उत्तरं बरोबर. मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. तीन वर्षं माणूस आत जागा होता, आणि त्याच्यादेखत मी काय काय बोलले होते!

"पुढच्या संडेला तुमचे प्रश्न विचारा, काकी," शायमा म्हणाली. "पण एकेक प्रश्न सहा वेळा विचारावा लागतो, तेव्हा कुठे खात्री होते. एकाला पाच मिनिटं धरा. चाळीस मिनिटांनी ब्रेन थकतो, मग सिग्नल नाही मिळत. आठच प्रश्न होतील, हं. महत्त्वाचा आधी घ्या."

इथे एखादी शहाणी बाई असती तर तिने दार लावून घेतलं असतं. मी फोन लावले. तीन वर्षांनी ह्यांच्याकडून शब्द येणार आणि थोरल्या भावाला कळवायचं नाही? ह्यांच्या हमालटोळीच्या मुकादमाला नाही? आमच्यात असं चालत नाही. उद्या कोणीही म्हटलं असतं, बाईने एकटीने काय विचारलं आणि काय ऐकलं कोणास ठाऊक. गावाहून माझे थोरले दीर आले, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. त्यांचा मुलगा यशराज आला, भावकीतले दोघे आले. मार्केटला सुट्टी म्हणून ह्यांच्या टोळीतले तिघे आले आणि टोळीचे मुकादम अंकुशराव अगदी गांधी टोपी घालून आले. शायमा आणि मंजुषा धरून दहा. मी चहाचं आधण ठेवलं.

बाहेरच्या खोलीतून शायमाचा आवाज आला, "काकी, सुरू करू या का? पहिला तुमचा ना?"

"तिचं काय, ती हायच की घरात," दादा म्हणाले. "तिचं मागनं."

आणि मीच ओट्यापासून म्हणाले, "होऊ दे. आधी मोठ्यांचं होऊ दे." हे माझे शब्द आहेत. दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाहीत, म्हणून तर मला स्वतःचा इतका राग येतो.

दादांनी खुर्ची ओढून विचारलं, "आरं शहाजी, मी दादा. वळखलंस का मला?" सहा वेळा विचारलं, सहाही वेळा हिरवी पट्टी. दादा हुंदके देऊन रडायला लागले. रडणाऱ्या माणसाला ऊठ कसं म्हणणार? दुसरा प्रश्नही त्यांचाच झाला, "बरा हुनार न्हवं तू?" हिरवी. मग मुकादम. "टोळी तुला इसरली न्हाय, ह्ये म्हाईत हाय न्हवं तुला?" हिरवी. टोळीतले तिघे एकदम "वा रं गड्या!" म्हणाले. चौथा त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने विचारला, पाठ दुखते का म्हणून. तेही हो. मी आत प्रश्न मोजत होते. दूध पुरणार नाही असं दिसलं, म्हणून यशराजला पिशवी आणायला पिटाळलं.

तो बाहेर गेलेला बघून दादांनी पाचवा प्रश्न काढला. "तुज्या जागंवर यशराजला टोळीत लावला. ब्येस केलं न्हवं आमी?"

हिरवी. सहाच्या सहा वेळा.

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. कारण आजारी पडायच्या आदल्या महिन्यातच ह्यांनी मला ठणकावून सांगितलं होतं, "यशराजला टोळीत न्हाय घ्यायचा. पिऊन येतंय कार्टं, कुनाच्या तरी अंगावर थप्पी पाडंल." आणि तरी दादांचा फोन आला की हेच म्हणायचे, "व्हय दादा, बघू की दादा." हा माणूस उभ्या जन्मात थोरल्या भावाला नाही म्हणाला नव्हता. मुकादमालाही नाही. कंबर धरली असली तरी मुकादमाने हाक मारली की चौथी गाडी उतरवायला जायचे. नाही म्हणायची ह्यांची जागा एकच होती, ती म्हणजे मी. भाजी नको, नवा पडदा नको, माहेरी जायचं नाही, मंजुषाला हॉस्टेलला ठेवायचं नाही. वीस वर्षं त्या नकारघंटेने माझं डोकं उठवलं होतं. त्या दिवशी ओट्यापाशी मला लख्ख कळलं, की टोपी ह्यांच्या मेंदूतलं वाचते आहे खरी, पण ह्यांचा मेंदूसुद्धा मोठ्या माणसांसमोर मान खाली घालूनच उभा आहे. खरं उत्तर ह्यांच्याकडून काढेल अशी त्या घरात मी एकटीच होते.

मी गॅस बंद केला आणि बाहेर गेले. पण रिकाम्या हाताने नाही, चहाचा ट्रे घेऊन. सवय मेली जात नाही. दहा जणांपुढे कप धरेपर्यंत सहावा प्रश्न झाला होता. सातवा भावकीतल्या म्हाताऱ्याने घेतला: "देवाला बोल्लोय तुज्यासाठी, येशील न्हवं पाया पडाया?" देवाचा विषय, मध्ये कोण तोंड घालणार? शायमा सारखी माझ्याकडे बघत होती. तिच्या बिचारीच्या हातात काही नव्हतं. माणसं आमची होती.

मग माझी पाळी आली. मी ह्यांच्या कानाशी वाकले, तोंडात काय पुटपुटतेय ते इतरांना कळू नये इतक्या हळू बोलले. "अहो, मी सत्यभामा. श्वासाची मशीन लावायची वेळ आली तर लावू का? खरं सांगा. मला सांगा."

पडद्यावर दोन्ही पट्ट्या नुसत्या थरथरल्या. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. चौथ्यांदा विचारताना शायमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काकी, नाही येत आता. खूप थकलेत ते. पंधरा दिवसांनी मी परत येते, तेव्हा फक्त तुम्हीच विचारायचं. प्रॉमिस."

"समदं हो म्हनला गडी!" दादा मिशीवरचा चहा पुसत म्हणाले. "जिद्द हाय त्याच्यात."

पंधरा दिवस कुठले मिळायला. नवव्या दिवशी दुपारी ह्यांना ताप भरला आणि छाती घुरघुरायला लागली. दवाखान्यात पोचेपर्यंत ओठ काळेनिळे पडले होते. दादा अजून मुकादमांकडेच मुक्कामाला होते, ते दोघेही धावत आले. डॉक्टर म्हणाले, "लगेच सांगा, मशीन लावायची की नाही? पेशंटची स्वतःची काही इच्छा होती का?"

"व्हती म्हंजे? त्यानं सोता सांगितलंय," दादा म्हणाले. "मी बरा हुनार म्हनून. त्या टोपीवर."

"आमी समदे साक्षीदार हाय," मुकादम म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. काय सांगणार होते मी? माझा नवरा भावाला हो म्हणाला म्हणजे हो म्हणाला असं धरू नका? आणि मग तो काय म्हणतो, असं त्यांनी विचारलं असतं तर? ते मलाही माहीत नव्हतं. माझ्याकडे दादांच्या उत्तराविरुद्ध ठेवायला उत्तरच नव्हतं. मी कागदावर सही केली. मंजुषा माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघितलं नाही.

ह्या गोष्टीला आता पाच महिने झाले. ह्यांच्या घशात नळी आहे, घरातच उशाशी मशीन आहे, आणि ती दर काही सेकंदांनी ह्यांची छाती वर उचलते. शायमा दोनदा टोपी घेऊन आली. पहिल्यांदा पट्ट्या हलल्या नाहीत, तेव्हा वाटलं, अशक्तपणा असेल. दुसऱ्यांदा तिने दोन तास खटपट केली, हुक म्हणून झालं, फळी म्हणून झालं, नाव विचारून झालं. मग ती लॅपटॉप मिटून जमिनीवर बसली आणि लहान पोरीसारखी रडली. त्या दुपारी मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल, म्हणाली. ते आत असतीलही, नसतीलही, टोपीला सापडत नाहीत. ज्यांची उत्तरं टोपीवर येत नाहीत त्यांना चिपच्या यादीत घेत नाहीत. ह्यांचं नाव निघालं.

दादा गावाकडे सगळ्यांना सांगतात, शहाजी मशीनवर बोलला, मला वळखलं. मुकादम मार्केटात सांगतात. ज्याला त्याला त्याचं उत्तर मिळालं आणि त्यात ते सुखी आहेत. परवा शेजारच्या बाळाबाई म्हणाल्या, "तुमी म्हनून टिकवलंत त्यांना." मी बसा म्हटलं नाही. दार लोटून घेतलं.

मग कडी लावली. कडी लावून घरात ह्यांच्याजवळ एकटी बसले, तशी त्या रविवारी बसायला हवी होती. तोंड कानाशी नेऊन स्पष्ट आवाजात विचारलं, "अहो, ही मशीन काढू का?" आणि थांबले. डोळे उघडे होते. पापणी पडली, ती आपली आपण. छाती वर गेली, ती मशीनने नेली. आतून ह्यांनी उत्तर दिलंही असेल, अगदी ठणकावून. माझ्यापर्यंत काही आलं नाही.